मसालेदार आटीव गर: साखर किती, आच किती

हिवाळा लागला की नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटायच्या वेळी पेरूच्या हातगाड्या रस्त्याकडेला लागतात. कडक, हिरवट पेरू चिरून, तिखटमीठ लावून हातोहात खपतात. रात्री आठच्या सुमारास गाडीवर उरतो तो पिवळा पडलेला, बोट लावले तर दबणारा, चार पावलांवरून वास येणारा पेरू. गाडीवाला तो निम्म्या भावात देऊन टाकतो, कारण सकाळपर्यंत त्याला काळे डाग पडतात आणि मग त्याच्याकडे कोणी बघत नाही. गेली सहा-सात वर्षे मी हाच पेरू शोधत असते. खाण्यासाठी त्याची वेळ गेलेली असली, तरी आटवण्यासाठी ती नेमकी आलेली असते.

इंग्रजी पाकपुस्तकांत ज्याला फ्रूट बटर म्हणतात, तो पदार्थ अलीकडे आपल्याकडच्या मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत दिसू लागला आहे. नाव ऐकून अनेकांना वाटते की यात लोणी असते. लोणी नसते. फळ शिजवायचे, गर गाळायचा, थोडी साखर आणि मसाला घालून मंद आचेवर तो इतका आटवायचा की पोळीवर लोण्यासारखा पसरावा. बटर हे नाव त्या पसरण्यावरून पडले. ऱ्हाइन नदीकाठचा जर्मन प्रदेश आणि बेल्जियम-नेदरलँड्समधला लिंबुर्ग हे त्याचे जुने घर. तिथले लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले आणि शरद ऋतूत अंगणात मोठ्या तांब्याच्या हंड्यात सफरचंदे दिवसभर ढवळत आटवायची पद्धत त्यांनी सोबत नेली. चेक आणि ऑस्ट्रियन घरांत आलुबुखाऱ्याचा असाच गर साखरेचा कणही न घालता तासन् तास आटवतात. दालचिनी आणि लवंग त्यात पडली, आणि आज जगभर ओळखला जाणारा मसालेदार गर तयार झाला.

आपल्याकडे याला काय म्हणायचे, हा पहिला प्रश्न. मुरांबा म्हणावा तर तो वेगळा पदार्थ. मुरांब्यात फळाची फोड किंवा कीस अखंड राहतो आणि त्याला पाक सांभाळतो. फळाइतकी किंवा दीडपट साखर असते. हा शब्द अरबी-फारसी ‘मुरब्बा’वरून आला, पण मराठी कानाला त्यात ‘आंबा’ ऐकू आला आणि मग साखरांबा, गुळांबा, मेथांबा अशी भावंडे जन्मली. आवळ्याच्या वेळी मात्र आंबा बाजूला करून आपण ‘मोरावळा’ केला. भाषेने इतकी बारीक सोय केलेली असताना गाळून आटवलेल्या गराला स्वतंत्र नाव का नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. नाव आहे, पण ते स्वयंपाकघरात नसून वैद्याच्या दुकानात आहे: लेह, अवलेह. चाटून खायचा तो लेह.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात च्यवनप्राशाची कृती आहे. पाचशे आवळे औषधी काढ्यासोबत शिजवायचे, बिया काढून गर तुपातेलात परतायचा, त्यात अर्धी तुळा म्हणजे पन्नास पळे खडीसाखरेच्या जातीची साखर घालून लेहासारखे घट्ट शिजवायचे. गार झाल्यावर मध घालायचा आणि शेवटी पिंपळी, वंशलोचन, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर. औषधी काढा क्षणभर बाजूला ठेवा. उरते ते काय? शिजवलेला आंबट फळाचा गर, बेताची साखर, मंद आच आणि उतरवल्यावर घातलेला सुगंधी मसाला. पेनसिल्व्हेनियातल्या हंड्यातले तत्त्व हेच आहे.

साखरेचे प्रमाण तर विशेष पाहण्यासारखे आहे. पळ म्हणजे 48 ग्रॅम असे मान धरले तर पन्नास पळे साखर 2 किलो 400 ग्रॅम होते. आवळे रानातले, लहान, दहा-दहा ग्रॅमचे धरले तरी पाचशेंचे पाच किलो. म्हणजे साखर फळाच्या निम्म्याहून कमी. अमेरिकेच्या अन्नकायद्यात फ्रूट बटरची जी व्याख्या आहे, तीत पाच भाग फळाला दोन भाग गोडी असे मान आहे. दोन्ही आकडे इतके जवळ येतात याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले, नंतर वाटेनासे झाले. फळ आटवून टिकवायचे आणि तरी फळाची चव राखायची, एवढी अट घातली की हात आपोआप त्याच मापापाशी येतो. आज बाजारातल्या अनेक च्यवनप्राशांच्या बाटलीवर घटकांच्या यादीत साखर पहिली असते. मूळ कृतीत पहिला मान आवळ्याचा आहे.

गोव्याने दुसरी वाट घेतली. पोर्तुगीजांच्या देशात बिही नावाच्या फळाचा (ज्याच्या बिया आपल्याकडे बेहदाणा म्हणून औषधात येतात) गर आटवून वडी करतात. त्या फळाचे नाव मार्मेलो, त्यावरून मार्मालेड हा शब्द आला. गोव्यात बिही पिकत नाही. तिची जागा पेरूने घेतली आणि पेराड तयार झाले. नाताळच्या फराळाच्या ताटात पेराडाची वडी हवीच. आंब्याचे मांगाडही त्याच घराण्यातले. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांतही पेरूची ही वडी नाताळात होते. पेरू हा शब्दही पोर्तुगीज ‘पेरा’वरून आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. पेराड करताना गर कढईची कड सोडेपर्यंत आटवतात. आपला लेह त्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी उतरवायचा, एवढाच फरक. कोकणातला आटवलेला आमरसही या ओळीत बसतो. तिथे मसाल्याला फारसा वाव नाही, आणि चांगल्या हापूसला तो असूही नये.

थोडक्यात, पदार्थ परका नाही. तो औषध, सणाची वडी आणि आमरस अशा तीन ठिकाणी विखुरला होता आणि रोजच्या पोळीपर्यंत आला नव्हता, इतकेच. तो तिथे यावा असे मला मनापासून वाटते. अंबडला पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या डब्यात पोळीची गुंडाळी हा मोठा आधार असतो. त्या गुंडाळीत गूळ-तूप असते, कधी जॅम असतो. आपल्याकडच्या अन्न मानकांप्रमाणे जॅममध्ये फळ किमान 45 टक्के लागते आणि विरघळलेले घन पदार्थ 65 टक्के. त्यातली बहुतेक साखर वरून घातलेली. आटीव गरात घन 43 ते 48 टक्क्यांवर थांबतात आणि त्यात फळाचा वाटा मोठा राहतो.

आता फळांकडे येते. नाशिक म्हटले की लोक द्राक्ष म्हणतील. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा सगळा पट्टा द्राक्षाचा, नाशिकच्या द्राक्षाला भौगोलिक मानांकनही आहे. जानेवारी ते एप्रिल भरपूर माल, आणि अवकाळी पाऊस झाला की तडकलेले मणी मातीमोल. तरीही मी सांगेन, द्राक्षाच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षात पाणी भरपूर, गोडी भरपूर, आणि पेक्टिन म्हणजे गराला बांधणारा जो चिकट धागा असतो तो बेताचा. द्राक्ष आटवले की गर न होता काकवीसारखा पाक होतो. तुर्कस्तानात आणि इटलीत द्राक्षरस आटवून असाच पाक करतात आणि तो उत्तम लागतो, पण तो पोळीवर ठरत नाही, ओघळतो. तडकलेली द्राक्षे वाया जाऊ द्यायची नसतील, तर ती सफरचंदाच्या किंवा पेरूच्या गरात एक तृतीयांश मिसळा. साखर जवळजवळ लागतच नाही. हा मिश्र गर मी दर मार्चमध्ये करते.

या कामाचा खरा राजा पेरू. त्यात पेक्टिन भरपूर, आंबटपणा पुरेसा, वास असा की तासभर शिजूनही मागे राहतो. महाराष्ट्रात पेरूला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार धरता येतात. मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेला आणि हिवाळ्यात उतरणारा पेरू सर्वांत गोड. आपण बाजारात ‘सरदार’ किंवा ‘लखनौ 49’ म्हणून जो घेतो तो वाण नावाने लखनौचा असला तरी निवडला गेला पुण्याच्या गणेशखिंडीत, 1927 साली, अलाहाबाद सफेदातून. तो मऊ बियांचा, पांढऱ्या गराचा आहे. आतून गुलाबी पेरूचा गर दिसायला देखणा होतो, पण चवीत पांढरा उजवा, असे माझे मत झाले आहे.

आंब्यात हापूस किंवा केसर घेऊ नये; ते कापून खावेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरातून मे-जूनमध्ये येणारे रायवळ आंबे घ्यावेत. धागे असतात, आंबटगोड असतात, एकाच पाटीत दहा चवी निघतात. गाळल्यावर धागे जातात आणि आंबटपणा गराला धार देतो. सफरचंद ऑगस्टपासून काश्मीर-हिमाचलमधून येते. आटवायला सोपे, पण आपल्याकडे पोचेपर्यंत महाग आणि अनेकदा पिठूळ. परदेशी राहणारी मराठी कुटुंबे शरदात बागेतून टोपल्या भरभरून सफरचंदे तोडून आणतात. त्यांच्यासाठी सफरचंदच पहिले फळ ठरावे, आपल्यासाठी नाही. करवंद आणि जांभूळ सुंदर रंग देतात, मात्र जांभळाचा तुरटपणा आटताना वाढतो, म्हणून ते पेरूच्या सोबतीनेच.

चिकू, पपई, केळे, अंजीर आणि लाल भोपळा यांचा गट वेगळा काढायला हवा. गोड आहेत, मऊ आहेत, आटतातही लवकर. अडचण आंबटपणाची आहे. आम्लतेच्या सामू या मापात आकडा जितका कमी तितके फळ आंबट. 4.6 च्या खाली असेल तर बॉट्युलिझमचे विष करणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. पेरू, द्राक्ष, सफरचंद या रेषेच्या बरेच खाली असतात. पपई, चिकू, भोपळा रेषेच्या वर जातात, पिकलेले केळे आणि अंजीरही. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने भोपळ्याचा असा गर घरी बाटलीबंद करून बाहेर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. मी एका वर्षी चिकूचा गर वेलची घालून केला, चव अप्रतिम होती, आणि लिंबू न पिळता बाटली कपाटात ठेवली. आठव्या दिवशी झाकण वर फुगले होते. ती बाटली मी न चाखता फेकली. तेव्हापासून या गटातल्या फळांचा गर मी लिंबू पिळून करते आणि तरीही फ्रीजमध्येच ठेवते. लिंबाने धोका कमी होतो, पण घरी सामू मोजायची सोय नसताना फळीवर ठेवण्याइतका भरवसा त्यावर टाकू नये.

साखर की गूळ, हा वाद घरोघरी होतो. गुळाने रंग गडद होतो, चवीला खोली येते, सुंठ-लवंगेशी त्याचे चांगले जमते. पण गूळ आंबटपणा जरा बोथट करतो, आणि पेरूचा नाजूक वास त्याखाली दबतो. म्हणून आंबा, सफरचंद, आवळा यांना गूळ, पेरूला साखर, असे मी ठरवून टाकले आहे. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. खडा दाताखाली आला की सगळी मेहनत फुकट. ‘बिनसाखरेचा’ हा शब्द मात्र मला खटकतो. वरून साखर घातली नाही तरी फळाची स्वतःची साखर आटून घट्ट झालेली असते. मधुमेह असलेल्या माणसाला हा गर मोकळ्या मनाने खा असे सांगणे चुकीचे आहे. तासभर शिजवल्यावर पेरूतले क जीवनसत्त्वही बरेचसे जाते. तेव्हा औषध म्हणून नको, चवीसाठी आणि फळ वाया जाऊ नये म्हणून खावा.

मसाल्यात सर्वांत जास्त चुका होतात. लवंग चार ऐवजी आठ पडली की गर दंतमंजनासारखा लागतो. दालचिनी बाजारात मिळते ती बहुधा जाड सालीची, उग्र. पातळ, अनेक पदर गुंडाळलेली साल मिळाली तर ती घ्यावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचा दालचिनीचा वाण दिला आहे आणि कोकणातल्या बागांत दालचिनी होते. कोकणातून कोणी येणार असेल तर मागवण्यासारखी वस्तू आहे. दालचिनीचा तुकडा, लवंगा आणि मिरे एका फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गरात सुरुवातीपासून सोडावेत आणि शेवटी पिळून काढावेत. वेलची, जायफळ, सुंठ यांची पूड आच बंद केल्यावर. चरकाच्या कृतीत सुगंधी द्रव्ये सर्वांत शेवटी येतात, त्यामागचे कारण आपल्या नाकालाही कळते: वेलचीचा वास उकळत्या भांड्यातून घरभर पसरतो, म्हणजे तो भांड्यात उरलेला नसतो. मसाल्याची चव दोन-तीन दिवसांत वाढते. म्हणून गरम असताना ‘जरा कमी आहे’ असे वाटले तर ते प्रमाण बरोबर आहे असे समजावे. आंब्याला नुसती सुंठ आणि चिमूटभर केशर पुरते. पेरूला मिरे फार छान जमतात. गाडीवर पेरूला तिखटमीठ लावतात त्यातच त्याचा पुरावा आहे. आणि मीठ, प्रत्येक गरात, चिमूटभर.

भांडे जाड बुडाचे, स्टीलचे, पसरट. उंच पातेल्यात वाफ अडकते आणि आटायला दुप्पट वेळ लागतो. परदेशात तांब्याचे हंडे वापरतात हे वाचून कोणी घरातले बिनकल्हईचे तांबे-पितळ काढू नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो, आणि आजीच्या काळी कल्हईवाल्याची वाट का पाहिली जायची ते आपण विसरलो आहोत. ॲल्युमिनियमही नको. लोखंडी कढईत पेरू आणि आवळा काळा पडतो.

आता एक पूर्ण कृती, पेरूची. दोन किलो चांगले पिकलेले पेरू धुऊन, देठ आणि डाग काढून, चार फोडी करून, दोन वाट्या पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवायचे. साल काढू नये, पेक्टिन तिथेच जास्त असते. यानंतर पुष्कळ जणी मिक्सर काढतात. मीही पहिल्या वर्षी तेच केले. बिया भरडल्या गेल्या आणि सगळा गर वाळू मिसळल्यासारखा करकरीत झाला. नंतर कितीही गाळला तरी तो कचकचाट गेला नाही. पेरूला गाळणीच हवी. बारीक भोकांची पिठाची चाळण पातेल्यावर ठेवून वाटीच्या बुडाने गर घासून उतरवायचा. आंबा, सफरचंद यांना पुरणयंत्र चालते, किंबहुना पुरणयंत्रासारखे या कामाला दुसरे साधन नाही. दोन किलो पेरूंतून साधारण सव्वा किलो गर निघतो.

इथून पुढे वाटी-चमचा बाजूला ठेवून वजनकाटा घ्यावा. ‘रुचिरा’ या पाकपुस्तकाने आपल्याला वाटी-चमच्याचे माप दिले आणि रोजच्या स्वयंपाकात त्याचे उपकार आहेत. फळ टिकवण्याच्या कामात मात्र गर किती आणि साखर किती हे ग्रॅममध्ये कळले पाहिजे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी टिपून ठेवायचे. सव्वा किलो गराला 300 ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, चिमूटभर मीठ, आणि पुरचुंडी: बोटभर दालचिनी, चार लवंगा, दहा मिरे. कायद्यातल्या पाचास दोन या मानाने साखर 500 ग्रॅम झाली असती. मी ती कमी करते आणि त्याची किंमत टिकाऊपणात मोजते, त्याबद्दल पुढे येईलच. मध्यम आचेवर उकळी आणून मग आच बारीक करायची. गर दाटला की तो फुटफुटतो आणि उडालेला थेंब तेलापेक्षा वाईट भाजतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो. लांब दांड्याचा लाकडी कलथा, पूर्ण बाह्यांचा कपडा, आणि जवळपास लहान मूल नको. शेवटची वीस मिनिटे हात थांबवता येत नाही, बुडाशी लागले की जळका वास सगळ्या गरात उतरतो. ओव्हन असेल तर पसरट भांड्यात 140 अंशांवर ठेवून दर अर्ध्या तासाने ढवळले तरी चालते. वेळ जास्त लागतो, पण उडण्याचा त्रास वाचतो.

कधी उतरवायचा, यावर सगळे अवलंबून आहे. जॅमसाठी पुस्तकांत 104-105 अंशांचा आकडा देतात. तो समुद्रसपाटीचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथे पाणीच 98 अंशांना उकळते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा धरला तर जॅमही जास्त शिजतो. आटीव गराला तर तापमापी निरुपयोगीच, कारण साखर कमी असल्याने उकळबिंदू फारसा चढत नाही. शार्ङ्गधरसंहितेत लेह तयार झाल्याच्या खुणा सांगितल्या आहेत: तार सुटते, पाण्यात टाकला तर बुडतो आणि पसरत नाही, दाबला तर बोटाचा ठसा उमटतो, गंध-वर्ण-चव खुलतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या या खुणा आजही ओट्यापाशी लागू पडतात. फक्त तार आणि ठसा येईपर्यंत आपण थांबायचे नाही. तो मुक्काम औषधी लेहाचा आणि पेराडाचा. आपली खूण अशी: फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीत चमचाभर गर टाकायचा, दोन मिनिटे थांबायचे. त्याभोवती पाण्याचे कडे सुटले तर अजून आटायचा आहे. कडे सुटले नाही आणि बशी तिरकी केल्यावर गर जागचा हलला नाही, तर झाला. वजनाने बघायचे तर सव्वा किलो गर आणि 300 ग्रॅम साखर यांचे मिळून पातेल्यात सुमारे 900 ग्रॅम उरले पाहिजे. ही वजनाची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण डोळे शेवटी थकतात आणि घाई करतात.

टिकण्याबाबत मात्र आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. आजीचा साखरांबा बरणीत, तोंडाला दादरा बांधून, वर्षभर टिकायचा, मग हा का टिकणार नाही? साखरांब्यात साखर इतकी असते की ती सगळे पाणी बांधून ठेवते, बुरशीला प्यायला काही उरत नाही. आपण साखर कमी केली, म्हणजे तो पहारेकरीच घरी पाठवला. कमी साखर आणि फळीवर वर्षभर, या दोन गोष्टी घरच्या पद्धतीने एकत्र मिळत नाहीत. प्रदर्शनात ‘साखर नाही, रसायन नाही, एक वर्ष टिकतो’ अशी चिठ्ठी दिसली, तर कसा टिकवला हे विक्रेत्याला जरूर विचारावे. उत्तर असेल तर तो आनंदाने देईल.

बाटली बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. सफरचंदाच्या गराच्या छोट्या बाटल्यांना आपल्या उंचीवर दहा मिनिटे लागतात. पण त्यासाठी निर्वात बसणारी खास झाकणे आणि तपासून ठरवलेली कृती हवी; लोणच्याच्या जुन्या बाटलीचे झाकण घट्ट फिरवणे म्हणजे ते नव्हे. म्हणून घरासाठी माझा निर्णय साधा आहे. काचेच्या लहान, 150-200 ग्रॅमच्या बाटल्या उकळून कोरड्या कराव्यात, गर कढत असतानाच भरावा, गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा. उघडलेली बाटली तीन आठवड्यांत संपवावी. जास्त केला असेल तर उरलेला डीपफ्रीजरमध्ये, बाटलीत वर बोटभर जागा सोडून; तिथे तो सहा महिने चवीला चांगला राहतो. चमचा कोरडा हवा. पृष्ठभागावर बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचा खाऊ नये, बाटलीच टाकावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही हे मला ठाऊक आहे. साखरांब्याच्या बाबतीत त्यांचे बरोबरही असेल, कमी साखरेच्या गराच्या बाबतीत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे काम नाशिकला नवे नाही. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी फळांवर प्रक्रिया करते. नाशिकबाहेर पाहिले तर पाचगणीत मॅप्रो कंपनीने 1959 पासून फळांचे पदार्थ बाजारात नेले. पण हंगामात भाव पडतो तेव्हा हातगाडीवरचा शेवटचा पाच-सात किलो माल कोणत्याही कारखान्यापर्यंत पोचत नाही. तो एखाद्या घराच्या ओट्यापर्यंतच पोचू शकतो, आणि तिथे त्याला दीड-दोन तास आणि एक जाड बुडाचे पातेले लागते.

तेव्हा येत्या हिवाळ्यात मृगाचे पेरू आले की एकदा करून पाहा. पहिल्यांदा दोन किलोच घ्या, त्याहून जास्त नको. बाटलीवर फळाचे नाव आणि तारीख लिहा, आणि एक बाटली त्या हातगाडीवाल्याला नक्की द्या. माझ्या गाडीवाल्याने चाखल्यापासून तो मऊ पेरू माझ्यासाठी वेगळे काढून ठेवतो.